कल्पितकथांतील विषमता : एक धम्मदृष्टी

दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्ताचा प्रसंग आपल्या वाचकांना परिचित आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात, विशाखेने बांधलेल्या मिगारमातुप्रासादात, भगवान बुद्ध राहत असताना वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण भिक्खुसंघात प्रवेश मिळावा या इच्छेने तेथे राहत होते. ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलेल्या श्रेष्ठ वर्णाचा त्याग करून तुम्ही हीनांच्या पंक्तीला जाऊन बसलात, असे म्हणून त्यांचेच जातभाई त्यांची निर्भर्त्सना करीत. तथागतांचे पहिले उत्तर साध्या अनुभवाचे आहे. ब्राह्मण स्त्रिया ऋतुमती होतात, गर्भवती होतात, प्रसूत होतात, मुलांना अंगावर पाजतात, हे सर्वांना दिसते. मग मुखातून जन्मलेले ते कोण? एवढ्याने वाद संपला असता. परंतु तथागत तेथे थांबत नाहीत. ते एक कथा सांगतात.

ती कथा विलक्षण आहे. प्रारंभी जीव स्वयंप्रकाशी होते, प्रीती हेच त्यांचे अन्न होते आणि ते अंतराळात संचार करीत. तापवून निवविलेल्या दुधावर साय धरावी तशी पाण्यावर पृथ्वीची रुचकर साय धरली. एका लोभी जीवाने ती बोटाने चाखून पाहिली, त्याचे पाहून इतरांनी चाखली, आणि त्यांचा प्रकाश मावळला. मग चंद्रसूर्य दिसू लागले. कोणी सुरूप, कोणी कुरूप असा भेद दिसू लागला आणि रूपाचा अहंकार उत्पन्न झाला. पुढे आपोआप उगवणारी, कोंडा नसलेली साळ आली. रोज दोन वेळा जाऊन आणण्याचा आळस म्हणून कोणी एकाने ती साठविली. दुसऱ्याने त्याहून अधिक साठविली. साळीला कोंडा आला, शेतांना बांध पडले, चोरी आली, खोटे बोलणे आले, दंड आला. तेव्हा सर्वांनी मिळून आपल्यातील एकाला निवडले आणि त्याला साळीचा वाटा दिला. तो महासम्मत. खत्तिय, ब्राह्मण, वेस्स आणि सुद्द ही मंडळे याच जीवांतून, त्यांच्याच व्यवहारांतून निर्माण झाली. कोणी मुखातून आला नाही आणि कोणी पायातून आला नाही.

रिचर्ड गॉम्ब्रिच यांच्यासारखे पाली अभ्यासक या सुत्ताकडे ब्राह्मणी सृष्टिकथांचे विडंबन म्हणून पाहतात, आणि ते पटण्यासारखे आहे. बोटाने साय चाखणारे तेजस्वी जीव ही काही पदार्थविज्ञानाची माहिती नव्हे. ती कल्पित कथा आहे. परंतु तिची रचना पटिच्चसमुप्पादाची आहे. हे झाले म्हणून ते झाले. ते झाले म्हणून पुढचे झाले. जी व्यवस्था अनादी म्हणून मिरवली जाते ती कोणत्या तरी दिवशी, कोणाच्या तरी कृतीने सुरू झाली, हे ऐकणाऱ्याच्या मनावर बिंबविण्याचे काम ती करते.

अद्भुतकथा आणि विज्ञानकथा यांचा विचार धम्माच्या नियतकालिकात करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बुद्धचरित्रातून चमत्कार बाजूला सारले. मग उडत्या झाडूंच्या आणि कालयंत्रांच्या गोष्टींशी आपला काय संबंध? येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. जी कथा स्वतःला कथा म्हणवते ती कोणालाही फसवीत नाही. फसवते ती पुरुषसूक्तासारखी कथा, जी स्वतःला सत्य म्हणवते आणि त्या बळावर माणसांची वाटणी करते. बाबासाहेबांचा विरोध या दुसऱ्या प्रकाराला होता. शिवाय आपल्या वस्त्यांतील मुले-मुली या कथा वाचत आहेत, पडद्यावर पाहत आहेत. हॅरी पॉटरची पुस्तके तर मराठीतही आली. तेव्हा या कथा विषमतेविषयी त्यांना काय सांगतात, हे पाहणे विहारातील वडीलधाऱ्यांचे काम आहेच.

आधुनिक विज्ञानकथेच्या आरंभीच हा प्रश्न उभा राहिलेला आहे. एच. जी. वेल्स यांची 'द टाइम मशीन' ही कादंबरी १८९५ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक कालयंत्रात बसून इ. स. ८०२७०१ या वर्षात पोचतो. तेथे जमिनीवर सुंदर, नाजूक, निरुद्योगी असे इलॉय राहतात आणि जमिनीखाली अंधारात यंत्रे चालविणारे मॉरलॉक राहतात. प्रथम नायकाला वाटते की हा समतेचा स्वर्ग आहे. मग विहिरींसारखी भुयारे दिसतात आणि उलगडा होतो : मालक आणि मजूर यांच्यातील अंतर रुंदावत जाऊन अखेर माणसाचे दोन भिन्न प्राणी झाले आहेत. नायक आपल्या काळच्या लंडनकडे बोट दाखवितो. तेथील भुयारी रेल्वे, तळघरांतील कारखाने, पूर्व भागातील कामगारांचे सूर्यप्रकाशाला पारखे झालेले जीवन, ही त्या भविष्याची सुरुवात होय. कारण दाखविण्याचे काम वेल्स यांनी चोख केले आहे. परंतु नायकाची माया कोणावर? वरच्या इलॉयवर. खालचे मॉरलॉक त्याला किळसवाणे वाटतात, तो त्यांना लोखंडी दांड्याने ठेचतो, आणि वाचकालाही त्यात गैर वाटत नाही, कारण ते इलॉयना खातात. खाली ढकलण्यात आलेला माणूस लेखकाच्या हातूनच राक्षस झाला.

जमिनीखाली उतरणाऱ्या माणसाविषयी आपण काही अधिक जाणतो. हाताने मैला उचलण्याला बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ साली झाला, दुसरा २०१३ साली झाला. १९९३ पासून गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. भरपाईचा आकडा वाढवावा लागतो, याचा अर्थ माणसे अजून उतरत आहेत. त्यासाठी आठ लाख वर्षे पुढे जावे लागत नाही.

वेल्स यांच्या चित्रात दोनच वर्ग आहेत, आणि आपल्या दृष्टीने ती त्याची मर्यादा आहे. जाती म्हणजे वरचे आणि खालचे अशी साधी दुफळी नव्हे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी भारतीय समाज श्रेणीबद्ध विषमतेच्या तत्त्वावर उभा असल्याचे सांगितले. त्याआधी, लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात कधीच करता न आलेल्या भाषणात, जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी दाखवून दिले होते. जिन्याच्या प्रत्येक पायरीवरच्या माणसाला आपल्या खालची एक पायरी दिसते आणि ती दिसते म्हणूनच तो जिना मोडायला निघत नाही.

पाश्चात्त्य कल्पितसाहित्यात हा जिना नेमका ज्याने पाहिला तो लेखक आल्डस हक्सले. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या कादंबरीत माणसे आईच्या पोटी जन्मत नाहीत; लंडनच्या एका केंद्रात बाटल्यांतून तयार होतात. त्यांचे पाच स्तर आहेत : अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा आणि एप्सिलॉन. या स्तरांना हक्सले यांनी 'कास्ट' हाच शब्द वापरला आहे. १९२५-२६ मध्ये ते भारतात फिरून गेले होते आणि त्या प्रवासाचे पुस्तकही त्यांनी लिहिले होते, ही गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे.

या केंद्रात खालचा माणूस खालचा कसा होतो, हे हक्सले पायरीपायरीने सांगतात. ज्याला खालच्या कामासाठी घडवायचे त्या गर्भाला प्राणवायू कमी दिला जातो. जितका स्तर खालचा, तितका प्राणवायू कमी. एका बीजापासून शहाण्णव सारखी माणसे काढली जातात. मात्र हा प्रयोग वरच्या दोन स्तरांवर केला जात नाही. आठ महिन्यांच्या डेल्टा बालकांपुढे रंगीत पुस्तके आणि गुलाबाची फुले ठेवली जातात. मुले रांगत जाऊन त्यांना हात लावतात न लावतात तोच कर्कश भोंगे वाजतात आणि खालच्या फरशीतून विजेचे झटके बसतात. असे दोनशे वेळा करण्यात येते. त्यानंतर पुस्तक पाहताच ते मूल रडू लागते. पुढे कोणी विचारले तर सांगता येते की या लोकांना वाचनाची आवडच नाही. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर ऐकल्याबद्दल शिक्षा सांगणारी धर्मशास्त्रे होती, आणि ज्यांच्या आजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसविले गेले, त्या वाचकांना हे पान वाचताना टीपेची गरज पडत नाही.

परंतु या कादंबरीचे सर्वांत मर्मभेदी स्थळ विजेच्या झटक्यांचे नाही, झोपेचे आहे. निजलेल्या बीटा मुलांच्या उशीखालून एक मृदू आवाज बोलत राहतो. अल्फांना फार कष्ट करावे लागतात, तेव्हा आपण अल्फा नाही हे किती बरे. गॅमा मूर्ख असतात, एप्सिलॉन तर त्याहून वाईट, तेव्हा आपण त्यांच्यातले नाही हेही किती बरे. हा पाठ दर वेळी शंभरावर वेळा, आठवड्यातून तीन रात्री, तीस महिने चालतो. वरच्याविषयी असूया वाटू नये आणि खालच्याविषयी किळस वाटावी, या दोन्ही गोष्टी एकाच श्वासात शिकविल्या जातात. श्रेणीबद्ध विषमता बंदुकीशिवाय कशी टिकते याचे याहून नेमके चित्र प्रस्तुत लेखकाच्या तरी वाचनात नाही. आपल्याकडे हा आवाज उशीखालून येत नाही. तो ओव्यांतून, म्हणींतून, पंक्तीच्या मांडणीतून, वराच्या निवडीतून येतो. आपल्याच समाजात पोटजातीचा विचार करून सोयरीक ठरते तेव्हाही तो ऐकू येतो, हे येथे लिहून ठेवले पाहिजे.

हक्सले यांची मर्यादा पुढे दिसते. जगाचा नियंत्रक मुस्तफा माँड हा व्यवस्थेचे समर्थन करताना सायप्रसच्या प्रयोगाची हकिकत सांगतो. बेट रिकामे करून तेथे बावीस हजार अल्फा वसविले. हलकी कामे कोणी करीना. सहा वर्षांत यादवी माजली आणि उरलेल्यांनी नियंत्रकांनाच पुन्हा राज्य करण्याची विनंती केली. समाज हिमनगासारखा असावा, आठ-नवमांश भाग पाण्याखाली, असे त्याचे मत. कादंबरीत या मताला कोणी समर्थ उत्तर देत नाही. बंड करतो तो बाहेरून आलेला जॉन. तो डेल्टा कामगारांना वाटण्यात येणाऱ्या 'सोमा' या गुंगीच्या गोळ्या खिडकीबाहेर फेकतो, आणि तेच कामगार त्याच्यावर धावून जातात. सर्वांत खालच्या एप्सिलॉनचे तर एकच ठळक दर्शन घडते. तो एक बुटका लिफ्टमन आहे. लिफ्ट गच्चीवर पोचते, दार उघडते, ऊन आत येते आणि तो हर्षाने गच्चीचे नाव उच्चारतो. लगेच खाली जाण्याची आज्ञा होते आणि तो पुन्हा अंधारात उतरतो. हक्सले यांनी त्याला ऊन पाहताना आनंदित होऊ दिले. त्याला त्या उन्हाविषयी प्रश्न मात्र विचारू दिला नाही.

हाच प्रश्न लहान मुलांच्या सर्वांत लोकप्रिय पुस्तकमालिकेत वेगळ्या रूपाने आला आहे. जे. के. रोलिंग यांची हॅरी पॉटरची सात पुस्तके १९९७ ते २००७ या काळात निघाली. त्यांतील खलपुरुष शुद्ध रक्ताचा अभिमानी आहे. ज्यांचे आईबाप जादूगार नाहीत त्यांना 'चिखलाच्या रक्ताचे' अशी शिवी आहे, आणि त्या मुलांना शाळेतून हाकलावे असे मानणारा पक्ष आहे. हा वंशवाद पुस्तकांत स्पष्ट निंदिला आहे आणि सातव्या पुस्तकाअखेर त्याचा पराभव होतो. त्यामुळे वाचक समाधानाने पुस्तक मिटतो. परंतु त्याच जगात आणखी एक वर्ग आहे, त्याच्याकडे लक्ष दिले की हे समाधान टिकत नाही.

हाऊस-एल्फ नावाचे बुटके प्राणी जादूगारांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या राबतात. वेतन नाही, सुटी नाही. अंगावर जुना अभ्रा किंवा फडके. मालकाने स्वतःचा कपडा दिला तरच सुटका. आज्ञाभंग झाला तर एल्फ स्वतःच स्वतःला शिक्षा करून घेतो. ज्या शाळेत नायक शिकतो तिच्या स्वयंपाकघरात असे शंभरावर एल्फ आहेत, आणि जेवणाची ताटे आपोआप भरतात असे मुलांना तीन वर्षे वाटत आलेले असते. हर्मायनी या विद्यार्थिनीला चौथ्या वर्षी हे कळते. ती जेवण बाजूला सारते आणि एल्फांच्या हक्कांसाठी संस्था काढते. तिला मिळणारी उत्तरे वाचताना आपण ही कोठे तरी ऐकली आहेत असे वाटत राहते. आम्ही त्यांना भेटलो आहोत, ते सुखात आहेत, असे सोबती सांगतात. माणसांची सेवा करणे हा त्यांचा स्वभावच आहे, त्यांना सोडविणे ही त्यांच्यावर दया नव्हे, असे हॅग्रिड सांगतो, आणि हॅग्रिड तर पुस्तकातील सर्वांत प्रेमळ माणूस. स्वभावजन्य कर्माचा हा सिद्धान्त आपल्याला गीतेतून ऐकविला गेला आहे.

हर्मायनीविषयी आदर वाटतो. तरी तिच्या संस्थेत एक उणीव आहे, आणि ती लेखिकेने जाणून ठेवली की नकळत राहिली हे सांगणे कठीण आहे. संस्थेच्या सभासदांत एकही एल्फ नाही. पाचव्या पुस्तकात ती लोकरीच्या टोप्या विणून कचऱ्याखाली लपवून ठेवते, म्हणजे साफसफाई करताना एल्फांचा हात कपड्याला लागावा आणि ते नकळत मुक्त व्हावेत. एल्फांना हा अपमान वाटतो व ते त्या दालनात येणेच बंद करतात. १९३२ साली पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी जो संघ निघाला आणि जो पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखला गेला, त्याचा इतिहास येथे आठवल्यावाचून राहत नाही. बाबासाहेबांनी त्याच वर्षी ठक्कर यांना सविस्तर पत्र लिहून नागरी हक्कांच्या लढ्याचा आणि समान संधीचा कार्यक्रम सुचविला होता. संघाने वाट धरली ती सेवेची. त्याच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान का नाही, या प्रश्नाची बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात कठोर चिकित्सा केली. उद्धारकांच्या सभेत उद्धार व्हावयाचा माणूस नसेल तर त्याला टोपी मिळते, हक्क मिळत नाही.

याच पुस्तकांत डॉबी नावाचा एल्फ आहे. एका मोज्याच्या योगाने तो मुक्त होतो आणि मग स्वतः जाऊन वेतन मागतो. मुख्याध्यापक आठवड्याला दहा सुवर्णनाणी व शनिवार-रविवार सुटी देऊ करतात. डॉबीच घासाघीस करून ते एका नाण्यावर आणि महिन्याला एका सुटीवर आणतो. मुलांना येथे हसू येते. ज्याच्या मनात गुलामी मुरली आहे त्याला स्वातंत्र्याचेही ओझे किती वाटते, हे दाखविणारा हा प्रसंग हसण्याइतका हलका नाही. स्वयंपाकघरातील इतर एल्फ वेतन घेणाऱ्या डॉबीपासून दूर सरकून उभे राहतात, ही त्यातील अधिक दुःखद गोष्ट. पुढे डॉबी मारला जातो. हॅरी जादू न वापरता स्वतःच्या हातांनी त्याची कबर खोदतो, आणि दगडावर तो स्वतंत्र होता हे कोरतो. येथे पुस्तक खरोखर उंचीवर जाते. आणि मग शेवट. युद्ध जिंकले आहे, शुद्ध रक्तवाले हरले आहेत, थकलेला हॅरी आपल्या पलंगाचा विचार करतो आणि क्रीचर आपल्याला तेथे सँडविच आणून देईल का असे त्याच्या मनात येते. क्रीचर हा त्याला वारसाहक्काने मिळालेला एल्फ दास आहे. रक्ताची शुद्धता हरली. चाकरी तशीच राहिली. आपल्या देशातही अस्पृश्यता पाळणार नाही म्हणणाऱ्या कित्येक घरांत कपबशी वेगळी असते, हे चित्र फार दूरचे नाही.

उर्सुला ले ग्विन यांची कथा या सर्वांहून आकाराने लहान आणि आशयाने जड आहे. 'द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलास' ही कथा १९७३ साली प्रसिद्ध झाली व पुढच्या वर्षी तिला ह्युगो पुरस्कार मिळाला. ओमेलास हे समुद्राकाठचे आनंदी नगर आहे. तेथे राजा नाही, गुलाम नाहीत. मात्र एका इमारतीच्या तळघरात, केरसुण्या आणि बादली ठेवण्याच्या खोलीत, एक मूल कोंडलेले आहे. ते सुमारे दहा वर्षांचे असून सहाचे दिसते. स्वतःच्या घाणीत बसते, मक्याच्या पिठावर आणि चरबीवर जगते. नगराचे सारे सुख, पिके, आरोग्य, विद्या, त्या मुलाच्या हालांवर अवलंबून आहे. त्याच्याशी एक प्रेमाचा शब्दही बोलायचा नाही, अशी अट आहे. नगरातील प्रत्येकाला हे ठाऊक आहे. मुलांना आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान ते सांगितले जाते. बहुतेक जण रडतात, संतापतात आणि कालांतराने समजूत घालून घेतात : आता त्याला बाहेर काढून तरी काय, त्याला सुखाची सवयच नाही. थोडे जण मात्र ते पाहून घरी परतत नाहीत. ते एकेकटे वेशीबाहेर पडतात, अंधारात चालत जातात आणि परत येत नाहीत.

जगभरच्या महाविद्यालयांत ही कथा शिकविली जाते आणि निघून जाणाऱ्यांचे कौतुक होते. गृहत्यागाच्या कथेवर वाढलेल्या बौद्ध वाचकालाही प्रथम तसेच वाटेल. म्हणूनच बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात परिव्रज्येचे जे कारण मांडले ते येथे पुन्हा पाहिले पाहिजे. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ पळाला, हे त्यांनी नाकारले. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला. संघाच्या सभेत सिद्धार्थाने युद्धाला उघड विरोध केला. बहुमत विरुद्ध गेले. आणि आपल्या कुटुंबावर बहिष्कार येऊ नये म्हणून त्याने देशत्याग पत्करला. पुढे तंटा मिटल्याचे कळल्यावरही तो परतला नाही, कारण माणसामाणसांतील संघर्षाचा मोठा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला होता. तो प्रश्न सुटल्यावर मात्र तो लोकांत आला आणि पंचेचाळीस वर्षे लोकांतच राहिला. ओमेलास सोडणारे सभेत बोलत नाहीत, एकमेकांशी बोलत नाहीत, उत्तर घेऊन परत येत नाहीत. त्यांचे हात स्वच्छ राहतात आणि मूल तळघरात राहते. करुणा आणि शरम यांत अंतर आहे. या कथेत दुसरीच अधिक आहे.

आणि याहून मोठा फरक पुढेच आहे. ओमेलास सोडून जातात ते सुखाचे वाटेकरी. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसे वेशीबाहेर पडली, ती सुखाची वाटेकरी नव्हती. तळघरातले मूल स्वतः उठून, दार उघडून, हजारो वर्षांच्या अटीवर पाणी सोडून निघाले होते. ही शक्यता ले ग्विन यांच्या कथेत नाही. तेथे मुलाला नाव नाही. सुटका करा, नीट वागेन, एवढेच ते विनवते, आणि नंतर तेही विनवीनासे होते.

या कथेला पुढे एका कृष्णवर्णीय लेखिकेने उत्तर दिले. एन. के. जेमिसिन यांची 'द वन्स हू स्टे अँड फाइट' ही कथा २०१८ च्या त्यांच्या संग्रहात आहे. सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्युगो पुरस्कार २०१६ ते २०१८ अशी तीन वर्षे सलग मिळविणाऱ्या त्या पहिल्या लेखिका होत. त्यांच्या उम-हेलात नावाच्या नगरात कोणाचेही हाल नाहीत, कारण काही माणसे इतरांपेक्षा कमी मोलाची असतात ही कल्पनाच तेथे विषारी रोग मानली आहे. आपल्या जगाकडून ती कल्पना चोरून शिकणाऱ्याला तेथील समाजसेवक ठार करतात, आणि त्याच्या पोरक्या मुलीला जवळ घेऊन आपल्यातच घडवितात. पलायनाला दिलेले हे उत्तर धाडसी आहे. परंतु धम्माचा अभ्यासक ते तसेच स्वीकारू शकणार नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना बाबासाहेबांनी साध्याविषयी नव्हे, साधनाविषयी मतभेद नोंदविला होता. हिंसेने बसविलेली समता पहारा उठला की ढळते. मन पालटले तर पहाऱ्याची गरज उरत नाही. अंगुलिमालाला भाल्याने मारणे राजा पसेनदीला शक्य होते. तथागतांनी त्याला भिक्खू केले, आणि गावकऱ्यांचे दगड त्याने निमूट सोसले. जेमिसिन यांच्या नगरात अंगुलिमालाला जागा नाही.

तरीही वेल्स आणि हक्सले यांच्यापेक्षा जेमिसिन यांची कथा आपल्याला जवळची वाटते, याचे कारण लेखणी कोणाच्या हाती आहे यात आहे. जातिअंताच्या दृष्टीने लिहिलेल्या कल्पितकथांचा एक इंग्रजी संग्रह चेन्नईच्या ब्लाफ्ट या प्रकाशनाने २०२४ साली काढला. तो ज्यांच्या मागोमाग आला त्यांची परंपरा अमेरिकेत शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्या आरंभी असलेल्या लेखकाशी बाबासाहेबांचा प्रत्यक्ष पत्रव्यवहार झाला होता. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. द्यू बॉइस यांनी अगत्याने उत्तर पाठविले.

त्याच द्यू बॉइस यांनी १९२० च्या आपल्या पुस्तकात 'द कॉमेट' नावाची कथा लिहिली आहे. जिम हा न्यूयॉर्कमधील एका बँकेतला कृष्णवर्णीय निरोप्या. मोलाच्या माणसांना पाठविणे धोक्याचे म्हणून त्याला सर्वांत खालच्या तळघरात जुनी कागदपत्रे आणायला पाठविले जाते. तेवढ्यात धूमकेतूच्या विषारी वायूने वरचे शहर मरते आणि खाली असल्यामुळे तोच वाचतो. रस्त्यात पडलेल्या प्रेतांतून जाताना, काल ज्या उपाहारगृहाने आपल्याला वाढले नसते तेथे शिरून तो अन्न घेतो. त्याला एक श्रीमंत गोरी स्त्री भेटते. जगात आपण दोघेच उरलो असे वाटताच तिच्या मनातील रंगाची भिंत गळून पडते. तिला तो केवळ माणूस दिसतो. रात्री दूरवर भोंगा ऐकू येतो. तिचे वडील आणि इतर माणसे येतात. मेले ते फक्त न्यूयॉर्क. क्षणात जिम पुन्हा जिम होतो. जमावातून त्याला फासावर चढविण्याची भाषा ऐकू येते, स्त्रीचा बाप त्याच्या हातात पैसे कोंबतो, आणि ती स्त्री मान वळवून त्याच्याकडे पाहत नाही. गर्दीतून वाट काढीत एक काळीसावळी स्त्री येते. तिच्या हातांत मेलेले मूल आहे. ती जिमची पत्नी असते. हुंदका देऊन तो तिला जवळ घेतो.